तारापूरचा प्लॉट, सातपाटीची बोट, मोखाड्याचा पाडा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातलं मनोर मागे टाकलं की थोड्याच वेळात चिल्हार फाटा येतो. न्हावाशेव्याहून किंवा गुजरातेतून माल घेऊन आलेले ट्रक, टँकर आणि कंटेनर इथे महामार्ग सोडतात आणि नागझरी, बेटेगाव करत बोईसरकडे निघतात. चालकासमोर अडकवलेला मोबाइल बोलत असतो आणि बोईसरपर्यंत त्याचं सहसा काही चुकत नाही. खरी परीक्षा रेल्वे ओलांडून तारापूर औद्योगिक वसाहतीत शिरल्यावर सुरू होते. इथला पत्ता म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा: ई, जे, एन, टी, डब्ल्यू आणि पुढे प्लॉट नंबर. वसाहत टप्प्याटप्प्याने वाढली, एका भूखंडाचे दोन-तीन झाले, कारखाने विकले गेले, पाट्या बदलल्या. त्यामुळे गेटवरचा माणूस आजही फोनवर तेच सांगतो: "मुकट टँकला या आणि तिथून फोन करा."

रसायनाचा टँकर चुकीच्या गल्लीत शिरला तर तो वळवायला जागा नसते, आणि मागे रांग लागते ती वेगळीच. चुकीच्या गेटवर रिकामा झाला तर काय होईल, याचा विचारही नको. पोस्टाच्या लेखी या साऱ्या वसाहतीचा पिनकोड एकच, ४०१५०६. त्या सहा आकड्यांपासून नेमक्या गेटपर्यंतचं अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर असेल. भारतातल्या डिजिटल नकाशांचा धंदा उभा राहिला तो याच अंतरावर.

कोका-कोलाच्या गाड्यांपासून

हा धंदा भारतात कुणी आधी ओळखला, हे शोधत गेलं तर राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याचं नाव पुढे येतं. दोघेही इंजिनिअर, दोघांनीही अमेरिकेत नोकऱ्या केलेल्या. राकेश जनरल मोटर्समध्ये, रश्मी आयबीएममध्ये. १९९० मध्ये ते भारतात परतले आणि १९९५ मध्ये त्यांनी दिल्लीत सी. ई. इन्फो सिस्टिम्स ही कंपनी काढली. लोक तिला ओळखतात ते 'मॅपमायइंडिया' या नावाने आणि अलीकडे 'मॅपल्स' या अ‍ॅपमुळे.

१९९५ साली सर्वसामान्य भारतीयाकडे मोबाइल नव्हता, इंटरनेट नुकतंच येत होतं. नकाशा म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा किंवा तलाठ्याच्या दप्तरातला. अशा वेळी संगणकावरचा नकाशा विकत घेणार कोण? कंपनीच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत कोका-कोला होती. शीतपेयांच्या गाडीने कोणत्या रस्त्याने जावं, एका फेरीत किती दुकानं करावीत, कोणत्या वस्तीत दुकानं जास्त आणि पुरवठा कमी, ही त्यांची रोजची डोकेदुखी होती. वर्मांनी छापील नकाशे संगणकावर चढवले, त्यांवर दुकानं मांडली आणि गाड्यांचे मार्ग आखून दिले. पुढे मोबाइल कंपन्या, बँका, विमा कंपन्या आल्या. टॉवर कुठे उभारायचा आणि शाखा कुठे उघडायची, हे ठरवायलाही नकाशाच लागत होता.

२००४ मध्ये कंपनीने भारताचा नकाशा संकेतस्थळावर खुला केला. गुगल मॅप्स जगात अवतरलं ते त्यानंतर वर्षभराने, २००५ मध्ये. मग मोटारींमधले नेव्हिगेशनचे पडदे आले आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मोठ्या गिऱ्हाईक झाल्या. जपानची नकाशा कंपनी झेनरिन, अमेरिकेची क्वालकॉम, नंतर फ्लिपकार्ट यांनी पैसा घातला. वर्मांचा मुलगा रोहन स्टॅनफर्डमध्ये शिकून कंपनीत आला आणि पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी झाला.

डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. सुमारे १,०४० कोटी रुपयांची ही भागविक्री दीडशेहून अधिक पटींनी भरली. १,०३३ रुपयांना दिलेला शेअर २१ डिसेंबरला मुंबई शेअर बाजारात १,५८१ रुपयांवर उघडला. ही सगळी विक्री जुन्या भागधारकांच्या हिश्शाची होती, त्यातला एक रुपयाही कंपनीच्या तिजोरीत येणार नव्हता. तरीही गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या, कारण पंचवीस वर्षं गोळा केलेली भारतभरच्या रस्त्यांची, गावांची आणि पत्त्यांची माहिती नव्या कुणाला एका रात्रीत गोळा करता येणार नव्हती. २०२०-२१ मध्ये कंपनीचं उत्पन्न १५२ कोटी रुपयांच्या आसपास होतं. २०२४-२५ मध्ये ते ४६० कोटींच्या पुढे गेलं.

उपग्रह जागा सांगतो, नाव सांगत नाही

हा पैसा नेमका कशाचा मिळतो, हे समजून घ्यायचं तर उपग्रहाचं काम आणि माणसाचं काम वेगळं काढावं लागतं.

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत फिरतात. मोबाइलला निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की प्रत्येक संदेश यायला किती वेळ लागला यावरून तो स्वतःची जागा काढतो. घड्याळात एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जमिनीवर ३०० मीटरचा घोळ होतो. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं बसवतात. या सेवेला कुणी पैसे मोजत नाही. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम गडबड मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ती गडबड बंद झाल्यावर जगभर नेव्हिगेशनचा बाजार फुलला.

पण उपग्रहाकडून मिळतात ते फक्त आकडे, अक्षांश आणि रेखांश. या आकड्यांवर बोईसरचा नवापूर नाका आहे, इथून डावीकडे गेलं तर रस्ता पुढे अरुंद होतो, या गेटचं नाव गेल्या वर्षी बदललं, हे उपग्रहाला ठाऊक नसतं. ते कुणीतरी जाऊन नोंदवावं लागतं. नकाशा कंपन्यांचे सर्वेक्षक छतावर कॅमेरे लावलेली गाडी घेऊन गल्लोगल्ली फिरतात. गाडी जात नाही तिथे दुचाकीने आणि पुढे पायी. एकेरी वाहतूक कुठे, उजवीकडे वळायला बंदी कुठे, पुलाखालून किती उंचीचा ट्रक जाईल, दवाखान्याचं मागचं दार कोणत्या गल्लीत, या सगळ्याच्या नोंदी होतात. परत जाऊन पुन्हा तपासाव्या लागतात, कारण सहा महिन्यांत दुकान बंद होतं आणि रस्त्याच्या मधोमध दुभाजक येतो.

पश्चिमेकडच्या देशांत घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव दिलं की पत्ता पुरा होतो. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'चित्रालयच्या मागे', 'ओस्तवालच्या समोर', 'खैरा फाटकाच्या अलीकडे'. यंत्राला 'अलीकडे' म्हणजे कोणत्या बाजूने, हे शिकवावं लागतं. भारतीय नकाशा कंपनीची खरी कमाई या शिकवणीत आहे. वस्तू आणि सेवा कराच्या नोंदणीत व्यापाऱ्याचा पत्ता शोधून भरायला, घरपोच माल पोचवायला, कर्जदाराचं घर पडताळायला हीच माहिती विकली जाते. २०१७ मध्ये मॅपमायइंडियाने टपाल खात्याबरोबर प्रत्येक पत्त्याला सहा अक्षरांची खूण देण्याचा प्रयोगही केला.

तारापूरसारख्या वसाहतीत ही माहिती सुरक्षिततेशी थेट जोडलेली आहे. घातक माल वाहणाऱ्या नव्या मालवाहू वाहनांना जागा कळवणारं यंत्र बसवण्याची सक्ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये आणली. टँकर कुठे थांबला, किती वेळ थांबला, ठरल्या वाटेवरून कुठे वळला, हे त्यातून कळतं. रात्री नाल्यात सांडपाणी सोडून पसार होणाऱ्या टँकरविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी करणाऱ्या गावांसाठी ही सोय मोलाची आहे. मात्र त्या नोंदी रोज पाहणारा आणि त्यावर कारवाई करणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसलेला हवा.

किनारा बंद होता तेव्हा

भारतात नकाशा हा फार काळ सरकारचा आणि लष्कराचा विषय राहिला. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ मधली, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. स्वातंत्र्यानंतरही सीमेलगतच्या आणि किनारपट्टीच्या रुंद पट्ट्याचे सविस्तर नकाशे 'प्रतिबंधित' शिक्क्याखाली राहिले. समुद्र, अणुऊर्जा केंद्र आणि रेल्वेचा मुख्य मार्ग एकत्र असलेला पालघरचा किनारा तर अशा पट्ट्यात येणारच. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागल्या. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली आणि ग्रामस्थांचं दुसरीकडे पुनर्वसन झालं. जुन्या नकाशातली गावं जागेवर राहिली नाहीत आणि नव्या वसाहतींना जुनीच नावं चिकटली. नकाशा करणाऱ्याला अशा ठिकाणी इतिहासही माहीत असावा लागतो.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळे आणि लोकांसाठी वेगळे नकाशे काढायला सुरुवात केली. खरं दार उघडलं ते १५ फेब्रुवारी २०२१ ला. केंद्र सरकारच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करायची मुभा दिली. संवेदनशील गोष्टींची यादी तेवढी वेगळी ठेवली. परदेशी कंपन्यांना एक मीटरपेक्षा बारीक माहिती स्वतः गोळा करता येणार नाही, ती भारतीय कंपनीकडून परवान्याने घ्यावी लागेल, असं ठरलं. त्याच महिन्यात इस्रो आणि मॅपमायइंडिया यांच्यात उपग्रहचित्रं आणि नकाशे एकत्र आणण्याचा करार झाला.

या नियमाचा परिणाम लगेच दिसला. जुलै २०२२ मध्ये गुगलने भारतात 'स्ट्रीट व्ह्यू' आणला तो मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांनी टिपलेल्या चित्रांवर. पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही चार होती. वसई-विरारची लाखोंची वस्ती त्या पहिल्या यादीत नव्हती.

तांडेलाच्या समोरचा पडदा

पालघरमध्ये उपग्रहाच्या खुणेवर सर्वांत आधी भरवसा टाकला तो ट्रकचालकांनी नाही, कोळ्यांनी. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, डहाणू, झाई इथल्या तांडेलांच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्या म्होरक्यांच्या, मागच्या पिढ्या होकायंत्र, तारे, पाण्याचा रंग आणि किनाऱ्यामागचे डोंगर पाहून जागा ओळखत. दोरी सोडून किती वाव पाणी आहे ते मोजत. डोंगर दिसेनासे झाले की अनुभवाशिवाय दुसरा आधार नसे. जीपीएसचे लहान पडदे बोटींवर आले तसं दालदा जाळं नेमकं कुठे टाकलं, पापलेट कोणत्या जागी लागलं, खडक कुठे आहे, याच्या खुणा यंत्रात साठू लागल्या. त्या खुणा तांडेल सहजासहजी कुणाला दाखवत नाही, ती त्याची वर्षांची कमाई असते. हाही एक डिजिटल नकाशाच आहे, कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसलेला.

या पाण्यात हद्दीचा प्रश्न जुना आहे. डोल जाळ्यांच्या कवी, म्हणजे जाळी बांधायचे खांब, कुणी कुठपर्यंत ठोकायच्या, यावरून वसई-उत्तन आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांत वाद होत आले आहेत. आकड्यांत सांगता येणारी जागा मिळाल्यावर असा वाद निदान एका कागदावर मांडता येतो. त्याहून मोठी हद्द पाकिस्तानशी आहे. डहाणू-तलासरीकडचे अनेक खलाशी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर हंगामी कामाला जातात. समुद्रावर रेघ नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' नावाच्या बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा यंत्रणेने केलेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातला एक खलाशी मारला गेला. पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षं काढलेले खलाशी तर इथल्या कित्येक गावांत आहेत.

म्हणूनच ३० ऑगस्ट २०२४ चा पालघरमधला कार्यक्रम या विषयात महत्त्वाचा ठरतो. वाढवण बंदराची पायाभरणी त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि बातम्यांत तेवढंच गाजलं. त्याच मंचावरून मासेमारी बोटींसाठी देशव्यापी दळणवळण यंत्रणेची सुरुवात झाली. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख यांत्रिक बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर मोफत बसवण्याचं उद्दिष्ट. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही अंतरावर संपते. हे यंत्र उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पोचवतं. वादळाची सूचना स्थानिक भाषेत येते, संकटात बटण दाबलं की तटरक्षक दलाला जागा कळते आणि आंतरराष्ट्रीय सागरी हद्द जवळ आली की इशारा मिळतो.

या यंत्रणेमागे 'नाविक' ही भारताची स्वतःची उपग्रहमालिका उभी राहावी अशी अपेक्षा आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला आणि सातवा २८ एप्रिल २०१६ ला. भारत आणि सीमेपलीकडचा १,५०० किलोमीटरचा पट्टा तिच्या टप्प्यात येतो. पण परदेशातून आणलेली अणुघड्याळं एकामागून एक बंद पडली. २०१७ मध्ये बदली उपग्रह उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतीय बनावटीचं रुबिडियम अणुघड्याळ होतं. पुढचा एनव्हीएस-०२ श्रीहरिकोट्याहून झालेल्या शंभराव्या उड्डाणात, २९ जानेवारी २०२५ ला वर गेला, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. म्हणजे तांडेलाच्या यंत्रात नाविकची सोय असली तरी भिस्त अजून बरीचशी परक्या उपग्रहांवर आहे. समुद्रावरच्या माणसाच्या दृष्टीने ही ढिलाई परवडणारी नाही.

जिथे गिऱ्हाईक नाही

बोईसरहून पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे गेलं की नकाशाचं चित्र पालटतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा आठ तालुक्यांचा, आणि त्याचा मोठा भाग आदिवासी. इथलं महसुली गाव कागदावर एक, पण माणसं राहतात सात-आठ पाड्यांत. दोन पाड्यांमध्ये ओढा, चढ आणि जंगल. नकाशात महसुली गावाची खूण एका जागी असते, आणि ज्या पाड्यात गाडी पोचायला हवी तो तिथून तीन किलोमीटरवर, कधी दरीच्या पलीकडे असतो.

यात कंपन्यांचा डाव शोधायची गरज नाही. सर्वेक्षकाची गाडी जिथे पार्सल जातात, मोटारी फिरतात, बँकेला कर्ज वसूल करायचं असतं, तिथे वारंवार जाते. तारापूरच्या प्लॉटची नोंद सुधारायला पैसे देणारं गिऱ्हाईक आहे. मोखाड्याच्या पाड्यावर ते नाही. पण गरज तिथे जास्त आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. तिला फोन करणाऱ्या माणसाला पाडा सांगता येतो, अक्षांश-रेखांश सांगता येत नाही. त्या पाड्याचं नाव नकाशात नसेल तर चालक मुख्य गावात येऊन थांबतो आणि पुन्हा फोनाफोनी सुरू होते. रेंज नसेल तर तीही नाही. बाळंतिणीला झोळी करून पक्क्या रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या या भागातून दर पावसाळ्यात येतात. तिथे पहिली उणीव रस्त्याची, हे खरंच. पण ज्या पाड्याची नोंद कुठल्याच नकाशात नाही, त्याच्या रस्त्याची मागणी कागदावर मांडणंही अवघड जातं.

सार्वजनिक पैशातून काही कामं झाली आहेत. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि २०२० पासून 'स्वामित्व' योजना म्हणून देशभर गेला. मात्र ती मोजणी गावठाणाची, आणि आदिवासी पाडे बरेचदा गावठाणाबाहेर. वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांत जमीन मोजायला जीपीएस यंत्रं वापरली गेली. ते आकडे सरकारी फायलींत आहेत, नकाशा कंपन्यांच्या माहितीत नाहीत.

पत्त्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचा हात मोठा आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि अनेक भाषांतले पत्ते यातून वाट काढायला त्यांनी सहा आकडी खूण आखली. तिच्या पुढचं पाऊल टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणून टाकलं: देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला दहा अक्षरांची खूण. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी ते तयार करायला मदत केली. मोखाड्यातल्या झोपडीलाही डिजिपिन आहे. फक्त त्या खुणेपुढे 'अमुक पाडा' हे नाव आणि तिथे जायची वाट कुणी जोडलेली नाही.

बदलता जिल्हा

पुढच्या दहा वर्षांत पालघरचा नकाशा जितका बदलेल तितका महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांचा बदलेल. वाढवणला समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून ७६,२२० कोटींचं बंदर व्हायचं आहे. मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध जुना आणि ठाम आहे, कारण भरावाची जागा म्हणजे त्यांची मासे धरायची जागा. बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही दोन स्थानकं याच जिल्ह्यात. मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग आणि मुंबई-बडोदा द्रुतगती महामार्ग इथूनच जातात. बायपास होतात, फाटकं बंद होतात, शेताच्या वाटा पुलाखाली जातात.

या बदलांसाठी कंपन्या येतीलच, कारण आता स्पर्धा तापली आहे. जुलै २०२४ मध्ये ओलाने गुगलचे नकाशे सोडून स्वतःचे वापरायला घेतले, आणि त्याच महिन्यात मॅपमायइंडियाने आपली माहिती वापरल्याचा आरोप करत ओला इलेक्ट्रिकला नोटीस धाडली; ओलाने आरोप फेटाळला. गुगलने भारतातले दर मोठ्या प्रमाणात उतरवले. बंदराचे रस्ते आणि बुलेट ट्रेनची स्थानकं या साऱ्यांच्या नकाशात वेळेवर उमटतील, यात शंका नाही.

पाड्यांचं काम कुणाच्या व्यवहारात बसत नाही, म्हणून ते जिल्हा प्रशासनाने अंगावर घ्यायला हवं. त्यासाठी लागणारी माहिती गावात आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घरांची नोंद असते. आशा सेविकेच्या वहीत कोणत्या पाड्यात कोणती गरोदर बाई आहे, हे लिहिलेलं असतं. पावसाळ्यात कोणता ओढा वाट अडवतो, हे अंगणवाडी सेविकेला पाठ असतं. प्रत्येक पाड्याच्या मध्यावर उभं राहून डिजिपिन घ्यायचा, पाड्याचं लोक म्हणतात ते नाव लिहायचं, गाडी कुठपर्यंत जाते आणि पुढे पायी किती, याची नोंद करायची आणि ती यादी जिल्हा परिषदेने सर्वांसाठी खुली ठेवायची. मग ती मॅपल्सने घ्यावी, गुगलने घ्यावी, कुणीही घ्यावी. मोखाडा, जव्हार, विक्रमगड आणि वाडा या चार तालुक्यांपासून सुरुवात केली आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत काम उरकलं, तर येत्या जूनच्या आत हे पाडे १०८च्या चालकाच्या मोबाइलवर दिसू शकतील.